कोबा, चुना आणि हिराकस

परभणी जिल्ह्यात ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांच्यापैकी काहींनी तरी हा प्रकार पाहिला असेल. ऊस किंवा भुईमूग पिवळा पडला म्हणून फवारणीसाठी कृषी सेवा केंद्रातून हिराकसाची पिशवी आणली जाते आणि ओसरीच्या कोपऱ्यात ठेवली जाते. पिशवीला नेमके एक बारीक भोक असते. रात्री पावसाची झड आत येते आणि सकाळी पाहावे तो कोब्यावर हिरवट पाण्याचा ओघळ! दुपारी तो तांबूस दिसू लागतो, दुसऱ्या दिवशी चांगला तपकिरी होतो. मग घासाघाशी सुरू होते. साबण झाला, सोडा झाला, विटेचा तुकडा झाला; डाग काही हलत नाही. कोब्याचा सत्यानाश केला म्हणून आजी सगळ्यांना बोलते.

आजींचा राग खराच आहे. पण हा डाग कसा पडला हे नीट समजून घेतले, तर जुना, पांढुरका झालेला कोबा घरच्या घरी पुन्हा चांगला कसा करावा आणि कसा करू नये, हे दोन्ही आपल्याला कळेल. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. चुकीच्या उपायाने कोबा तर बिघडतोच, पण करणाऱ्याचे हात, डोळे आणि फुप्फुसेही धोक्यात येतात.

आधी कोब्याची ओळख करून घेऊ. पूर्वी चुना आणि विटांचे तुकडे घालून, चोपून चोपून केलेल्या जमिनीला कोबा म्हणत. आपल्याकडे माळवदाच्या घरांत बहुधा शेणाने सारवलेली जमीन असे. ऐपत असली तर शहाबादी फरशी. सिमेंट सर्रास मिळू लागले तेव्हा कोबा हे जुने नाव सिमेंटच्या जमिनीला चिकटले. इंजिनिअर मंडळी तिला ‘इंडियन पेटंट स्टोन’ असे भारदस्त नाव देतात. प्रत्यक्षात तो दगड नव्हे, गिट्टी, वाळू आणि सिमेंट यांचा थर होय. ही जमीन कशी घालावी याची नियमावली, आय. एस. २५७१, भारतीय मानक संस्थेने काढली. चौकोनी भाग पाडून, एक सोडून एक चौकोन भरायचा, असे तिच्यात सांगितले आहे. जुन्या घरांतल्या कोब्यात काचेच्या पट्ट्या बसवलेल्या दिसतात, त्या या चौकोनांच्या सीमा. हौशी घरमालक वरच्या थरात लाल रंग मिसळून घेत आणि गवंडी थापीने तो घोटून घोटून आरशासारखा करीत.

आता सिमेंटकडे वळू. चुनखडी आणि चिकणमाती सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजून, दळून सिमेंट करतात. त्यात पाणी घातले की त्यातल्या कॅल्शियम सिलिकेटांची पाण्याशी क्रिया होते आणि दोन पदार्थ तयार होतात. एक म्हणजे वाळूचे कण घट्ट धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ. दुसरा म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, अर्थात आपला ओळखीचा विरलेला चुना. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये आकारमानाने पाचवा ते चौथा हिस्सा हा चुना असतो. गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या बायामाणसांची बोटे पाहा. त्यांना पडलेल्या चिरा या बऱ्याच अंशी चुन्याच्याच करामती आहेत.

हा चुना ओळखायला हळदीसारखे सोपे साधन नाही. पाण्यात हळद कालवा आणि तिचा एक थेंब नुकत्याच घट्ट झालेल्या सिमेंटच्या ओल्या तुकड्यावर टाका. तो लालसर होईल. हळद आणि चुना एकत्र आले की कुंकवाचा रंग येतो, हे घरात सर्वांना ठाऊकच असते. तोच थेंब आता तीस वर्षांच्या जुन्या कोब्यावर टाका. तेथे तो बहुधा पिवळाच राहील. मग जुन्या कोब्यातला चुना गेला कोठे?

गेला नाही, बदलला. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत असतो आणि चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे पुन्हा चुनखडी, करीत असतो. चुन्याच्या निवळीत फुंकल्यावर ती दुधाळ होते, हा प्रयोग तुम्ही वर्गात केला आहे. तुमच्या ओसरीवर तोच प्रयोग फार संथपणे चालू आहे. शिक्षकांना विनंती, की पाडकाम झालेल्या घराच्या कोब्याचा एखादा तुकडा मिळवून तो वर्गात फोडावा आणि ताज्या भेगेवर प्रयोगशाळेतल्या फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकावे. आतला भाग गुलाबी होतो; वरची काही मिलिमीटरांची कडा बिनरंगी राहते. जेवढा भाग बिनरंगी, तेवढ्या चुन्याची चुनखडी झाली. फळ्यावरच्या समीकरणापेक्षा ही गुलाबी रेघ मुलांच्या अधिक लक्षात राहते.

आता हिराकसाचा डाग सोडवता येईल. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोखंडाचा एक क्षार. त्याचे पाणी कोब्याच्या बारीक छिद्रांत शिरले, की चुन्याशी गाठ पडते आणि फेरस हायड्रॉक्साइडचा हिरवट साका बसतो. हवेतला ऑक्सिजन मिळताच साक्याचे रूपांतर तपकिरी फेरिक हायड्रॉक्साइडमध्ये होते. हा गंजाचाच भाऊबंद. साका पाण्यात विरघळत नाही आणि तो वर बसलेला नसून छिद्रांच्या आत तयार झालेला असतो. मग साबणाने निघणार कसा? चुनखडी झालेल्या जुन्या पृष्ठभागावरही ही क्रिया होते, पण हळू, आणि रंग बहुधा फिका येतो.

आणि गंमत पाहा. ज्या पिकासाठी हिराकस आणला, त्याचे दुखणेही हेच होते! मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत ठिकठिकाणी चुनखडीचे प्रमाण जास्त असते. अशा जमिनीत लोह नसते असे नाही, भरपूर असते. परंतु चुनखडीमुळे ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते. मुळांना ते घेता येत नाही आणि पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी याला केवडा म्हणतात. अशा जमिनीत नुसता हिराकस टाकला तर तोही बराचसा अडकतो. म्हणून तो शेणखतात मिसळून देतात, किंवा अर्धा टक्का द्रावणाची पानांवर फवारणी करतात. थोडक्यात, शेतात चुना लोखंडाला धरून ठेवतो म्हणून आपण कपाळाला हात लावतो, आणि कोब्यात तो तसाच धरून ठेवतो म्हणून रंग पक्का बसतो.

कोबा रंगवण्याच्या एका पद्धतीचे मर्म हेच आहे. अमेरिकेत आणि आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही ‘ॲसिड स्टेन’ नावाने विकले जाणारे द्राव याच तत्त्वावर चालतात. त्यांत लोखंड, मँगनीज, तांबे यांचे क्षार थोड्या आम्लात विरघळवलेले असतात. आम्ल पृष्ठभाग किंचित खाऊन वाट मोकळी करते आणि क्षार चुन्याशी संयोग पावून तपकिरी, काळपट वा हिरवट रंग देतात. हा रंग कधीच एकसारखा येत नाही. चुना जेथे जास्त तेथे गडद, कमी तेथे फिका, असे ढगाळ चित्र उमटते. ज्याला भिंतीच्या रंगासारखा सपाट रंग हवा आहे, त्याने या वाटेला जाऊच नये. शिवाय औष्णिक वीजकेंद्रांची राख (आपल्या शेजारच्या परळीला ती मुबलक!) मिसळलेल्या सिमेंटात रंग फिका येण्याची शक्यता असते, कारण राख मोकळा चुना स्वतःच वापरून टाकते.

दुसरी पद्धत लाल कोब्याची. तिच्यात रासायनिक क्रिया नाही. लाल भुकटी म्हणजे फेरिक ऑक्साइड, गेरूतला रंग तोच. ती ओल्या सिमेंटातच मिसळावी लागते, म्हणजे सिमेंट घट्ट होताना तिचे कण जागच्या जागी बांधले जातात. सिमेंटच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त भुकटी घालू नये, नाही तर कण बांधायला सिमेंट पुरत नाही. हा रंग उन्हाने उडत नाही, चुन्याने बिघडत नाही. लोखंडाचे जेवढे गंजायचे तेवढे गंजून झालेले असते. आणखी बिघडायला शिल्लक काय? अजिंठ्याच्या चित्रांतला गेरू दीड हजार वर्षांनंतरही लाल आहे, यात नवल नाही. उलट हळद, जास्वंद यांसारखे वनस्पतिज रंग चुन्यापुढे टिकत नाहीत. आणि हीच भुकटी पाण्यात कालवून जुन्या, घट्ट झालेल्या कोब्यावर फासली तर? ती वरच बसते आणि पहिल्या दोन-चार पुसण्यांत फडक्याबरोबर निघून जाते. ताज्या सिमेंटात भुकटी चालते, जुन्यावर द्रावच हवा.

येथे एक प्रश्न विचारायला हवा. आपला लाल कोबा खरोखरच फिका पडला आहे का?

‘कोबा जुना झाला, पांढरा पडला, आता वर टाइल्स बसवू’ असे अनेक घरांत म्हणतात आणि बरीच रक्कम खर्च करतात. त्याआधी एक तांब्या पाणी खर्च करून पाहा. पांढुरक्या भागावर पाणी ओता. ओला झाल्याबरोबर कोबा पूर्वीसारखा लालबुंद दिसला, तर रंग जागेवरच आहे असे समजा. ओरखड्यांमुळे आणि उघड्या पडलेल्या छिद्रांमुळे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश चोहोकडे विखुरतो आणि तो पांढुरका प्रकाश लाल रंगावर पडदा घालतो. छिद्रांत हवेच्या जागी पाणी शिरले की विखुरणे कमी होते, कारण प्रकाश वळवण्याच्या बाबतीत पाणी हवेपेक्षा सिमेंटला जवळचे आहे. पाणी वाळते, मेण वाळून जात नाही. म्हणून कोबा स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, त्यावर फरशीच्या मेणाच्या पॉलिशचा पातळ हात दिला आणि कापडाने घोटला, की बहुतेक लाल कोबे उजळतात. माझ्या मते दहांतल्या बऱ्याच घरांना एवढेच पुरे आहे. मात्र अशा पॉलिशमध्ये टर्पेंटाइनसारखे ज्वालाग्राही द्रव असते. ते स्टोव्हजवळ उघडू नका, तापवून पातळ करण्याच्या भानगडीत पडू नका, आणि जाड थर देऊन आजोबांसाठी घसरगुंडी करू नका.

काही जण मेणाऐवजी ऑइलपेंट काढतात. स्वस्त आणि झटपट! पण साबण कसा करतात ते आठवा. तेल आणि अल्क एकत्र आले की साबण होतो. ऑइलपेंटमध्ये तेल असते, सिमेंटात अल्क असते आणि जमिनीतली ओल त्यांची गाठ घालून देते. रंगाच्या खालच्या बाजूला चिकट साबणाचा थर तयार होतो आणि एखाद्या पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. कोबा जितका नवा, तितके हे लवकर होते. जमिनीतून ओल येते की नाही हे पाहायचे असेल तर दीड-दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांना चिकटपट्टी लावून रात्रभर कोब्यावर बसवा. सकाळी खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा तेथला कोबा काळपट झाला असेल, तर कोणताही रंग वा मेण लावण्याची घाई करू नये. भिंतीला लोणा धरतो तो याच ओलीमुळे. पाणी क्षार घेऊन वर येते, पाणी उडून जाते आणि क्षारांची पांढरी बुरशीसारखी पूड मागे राहते. ती कोरड्या ब्रशाने झाडून काढावी. पाण्याने धुतली तर तिच्यातला विरघळणारा भाग पुन्हा आत जातो.

लोणा, डाग, चिकटा काही असो, त्यावर ॲसिड ओतणे हा आपल्याकडचा आवडता उपाय. फेस येतो, डाग निघतो, माणूस खूश होतो. तो फेस कशाचा असतो? हायड्रोक्लोरिक आम्लाने चुनखडी विरघळताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा. म्हणजे डाग गेला नाही, डागासकट कोबा गेला! शहाबादी फरशी तर मुळातच चुनखडीची. तिची झिलई एका धुण्यात जाते. शिवाय या क्रियेत तयार होणारे कॅल्शियम क्लोराइड हवेतली वाफ शोषून घेते. नीट धुतले नाही तर कोबा पावसाळाभर दमट राहतो आणि घरचे म्हणतात, ‘एवढे साफ केले तरी ओल येतेच!’ स्लॅबवर असे केले तर क्लोराइड आतल्या सळयांना गंज चढवायला मदत करते.

आणखी एक गोष्ट मोठ्या माणसांनाही आवर्जून सांगा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा तिचे द्रावण कधीही एकाच जागी वापरू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरतो. अठरा वर्षांखालील व्यक्तीला ॲसिड विकू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला आहे. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, ॲसिडचे प्रयोग तुमच्या वाट्याचे नाहीत. कोबा घासण्याच्या यंत्राच्या बाबतीतही एक पथ्य आहे. कोरडे घासले तर वाळूतल्या सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ उडते. ती फुप्फुसात गेली तर बाहेर येत नाही आणि वर्षानुवर्षे असे काम करणाऱ्याला सिलिकोसिस होतो. घासकाम नेहमी पाणी टाकूनच करून घ्यावे.

झाडून झाडून भुकटी निघणारा कोबा ही आमच्या भागातली खास तक्रार, आणि तिचे कारण बहुधा मे महिना असते. परभणीत त्या दिवसांत पारा चाळिशी सहज ओलांडतो. पुष्कळांना वाटते, सिमेंट वाळून घट्ट होते. ते वाळून नव्हे, पाणी पिऊन घट्ट होते. वरचे पाणी दोन तासांत उडून गेले तर वरच्या थरातली क्रिया अर्धवट राहते आणि तो जन्मभर भुसभुशीत राहतो. म्हणून नवा कोबा किमान आठवडाभर पाण्याखाली किंवा ओल्या पोत्यांखाली ठेवावा लागतो. जुन्या भुसभुशीत कोब्याला सोडियम सिलिकेटचे पातळ द्रावण देतात. ते उरलेल्या चुन्याशी संयोग पावून कॅल्शियम सिलिकेट तयार करते, जवळजवळ सिमेंटातल्या मूळ डिंकासारखेच.

आता ज्यांचा कोबा साधा करडा आहे, ओला करूनही उजळत नाही आणि ज्यांना तो तपकिरी करून पाहायचाच आहे, त्यांच्यासाठी. घरच्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या. जमीन तळमजल्याची असावी. आधी कोब्याच्या एखाद्या तुटक्या तुकड्यावर, मग दाराआडच्या हातभर जागेत प्रयोग करा. जागा साबणाने धुऊन, पूर्वीचे तेल-मेण काढून वाळवा. पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो मोत्यासारखा उभा राहिला तर छिद्रे अजून बुजलेली आहेत, द्राव आत जाणार नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत एक लिटर पाण्यात साधारण ५० ग्रॅम हिराकस विरघळवा आणि रबरी हातमोजे घालून स्पंजने पातळ हात फिरवा. डबके साचू देऊ नका. सल्फेट जास्त झाले तर तेच सिमेंटला पोखरते. प्रथम काहीच दिसणार नाही. एक दिवस थांबा. रंग फिका वाटला तर आणखी एक पातळ हात द्या, भरपूर पाण्याने धुवा आणि दोन दिवस वाळल्यावर मेण लावा. कपडे जुने घाला, कारण कापडावरचा हिराकसाचा डागही कोब्यावरच्याइतकाच हट्टी असतो. उरलेला हिराकस लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेला तर तो विषारी आहे.

हे सारे करण्यापूर्वी कोब्यातल्या भेगा मात्र पाहायला हव्यात, कारण परभणीचा कोबा काळ्या मातीवर उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसापासून झालेल्या काळ्या दगडाची ही माती. तिच्यातली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच मातीच्या. पाया घेताना काळी माती पुरेशी काढून मुरूम भरला नसेल, तर तीच हालचाल घरातल्या कोब्याखाली चालते. अशी हलती भेग सिमेंटने बुजवा, रंगवा, काहीही करा, ती वर्षाच्या आत पुन्हा उघडते. भेग हलती आहे की थांबलेली, हे ठरवायला तुमच्याजवळ कंपास पेटी आहेच. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने आडवी रेघ मारा, मध्यभागी तिची रुंदी पट्टीने मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. मे महिन्यात एकदा मोजा, ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा, आणि पुढच्या मे महिन्यात तिसऱ्यांदा. तिन्ही आकडे सारखे आले आणि टोके रेघेपुढे सरकली नसतील, तर भेग बुजवून मेणाचा डबा आणायला हरकत नाही.